घरच्या मॉडेल रेल्वेचा सांगाडा: दहा बाय अकराची खोली, एक दिवाण आणि पातालपानीचा घाट

गच्चीवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या घराच्या गच्चीवर दहा बाय अकरा फुटांची एक खोली आहे. आजवर ती पापड, जुनी मासिके आणि पाहुणे यांच्यात वाटलेली होती. आता निम्मी का होईना, माझ्या ताब्यात येते आहे. तिथे एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ ची, रेल्वे मांडायची आहे. विषय ठरलेला आहे : महूच्या पुढचा पातालपानी ते कालाकुंड हा घाट. रूळ, दोन इंजिने आणि सहा डबे जमले आहेत. अडले आहे ते हे सारे ज्यावर बसवायचे त्या सांगाड्यापाशी.

माझा बेत असा आहे. खोलीत आजीचा सागवानी दिवाण आहे, सहा बाय चार फुटांचा, तसूभरही न हलणारा. त्यावर आठ बाय चारची, एकोणीस मिलिमीटर जाडीची प्लाय ठेवावी आणि तिच्यावर लंबगोल रूळ ठोकावेत. सुतार लागणार नाही, खर्च फारसा नाही, आणि पाहुणे आले की प्लाय उचलून भिंतीला टेकवता येईल. या बेतात काय चुकते आहे ते कृपया सांगावे. काही चुकत नसेल, तर रविवारी प्लाय आणायला निघतो.

सुतारपक्षी

रविवारी निघू नये.

निवृत्त ओव्हरसियर

सुतारपक्षी यांनी निकाल दिला, कारणे मी देतो.

पहिले कारण वजनाचे. एकोणीस मिलिमीटरची आठ बाय चार प्लाय पस्तीस ते चाळीस किलो भरते. त्यावर रूळ, डोंगर आणि झाडे बसली की ती उचलून भिंतीला टेकवणे दोघांचे काम होईल, आणि तिसरा माणूस गळून पडलेली झाडे वेचत बसेल. दुसरे कारण उंचीचे. दिवाण असतो दीड फूट उंच. त्या उंचीवर वाकून दहा मिनिटे रुळाला झाळ (सोल्डर) देऊन पाहावी. अकराव्या मिनिटाला कंबर स्वतःच हरकत घेईल. शिवाय दीड फुटावरची गाडी आपण नेहमी विमानातून पाहिल्यासारखी पाहतो. घाटातली गाडी डोळ्यासमोरून गेली पाहिजे.

तिसरे कारण हाताचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. माणसाचा हात काम करण्याइतका आरामात दोन फूट पोहोचतो आणि ताणला तर अडीच. चार फूट रुंदीचे टेबल भिंतीला लावले, तर पलीकडच्या कडेला घसरलेला डबा काढायला झाडूची दांडी लागेल. म्हणून टेबलाच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट वाट ठेवावी लागते, म्हणजे आठ बाय चारचे टेबल प्रत्यक्षात बारा बाय आठची जागा मागते. आपली खोली अकरा फूट लांब आहे. बाकी हिशेब आपण करालच.

मीटरगेजवाला

ओव्हरसियर साहेबांनी खोली मोजली, मी गाडी मोजतो.

चार फुटी प्लायवर कडेला दोन-दोन इंच सोडले, तर वळणाची त्रिज्या जास्तीत जास्त बावीस इंच मिळते. आपले सहा डबे जर एलएचबी, म्हणजे हल्लीच्या लांब जातीचे, असतील, तर खरा डबा २३.५४ मीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये सत्तावीस सेंटिमीटर. वळणावर डबा बरा दिसण्यासाठी त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने एक्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे बत्तीस इंच त्रिज्या हवी आणि टेबल पावणेसहा फूट रुंद हवे. बावीस इंचांवर गाडी चालेल, पण डब्यांची टोके वळणाबाहेर अशी डोकावतील की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होईल.

आता घाट. पातालपानी–कालाकुंडचा चढ ४० त १ आहे. चढत्या गाडीखालून दुसरी गाडी न्यायची, तर एचओमध्ये पुलाच्या जाडीसह सुमारे चार इंच उंची लागते. ४० त १ ने चार इंच चढायला एकशे साठ इंच, म्हणजे तेरा फूट चार इंच लागतात, आणि तेवढेच उतरायला. एकूण पावणेसत्तावीस फूट. आपल्या प्लायवरच्या लंबगोलाची पूर्ण लांबीच साडेएकोणीस फूट होते. याउलट, खोलीच्या चारही भिंतींलगत दीड-दोन फूट रुंदीची फळी फिरवली आणि कोपऱ्यांत बत्तीस इंचांची वळणे ठेवली, तर सुमारे तेहतीस फुटांची फेरी मिळते. चढ बसतो, उतार बसतो आणि स्टेशनाला सहा फूट उरतात.

पण मुळात घाट म्हणजे रूळ वर जाणे नव्हे, रुळाखालची जमीन खाली जाणे. पातालपानीला गाडी थांबली की आपण खिडकीतून वर पाहत नाही. चोरल नदी जिथे खाली कोसळते तिकडे वाकून पाहतो. सपाट प्लायवर डोंगर उभारता येतो, दरी खणता येत नाही. धबधबा दाखवायचा असेल, तर रुळाच्या पातळीखाली किमान फूटभर मोकळी जागा हवी, आणि ती फक्त उघड्या सांगाड्यात मिळते.

अवांतर : हा मार्ग घडावा म्हणून तुकोजीराव होळकर महाराजांनी १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने दिले होते. आपण सुताराची मजुरी वाचवू पाहता आहात.

ग्वाल्हेरकर

आमच्याकडे जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावरच रूळ बसवलेले आहेत आणि चांदीची गाडी ब्रँडी व सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरत असे. शिंदे सरकारांना सांगाड्याचा प्रश्न पडला नाही, कारण टेबल आधीच होते आणि ते उचलून भिंतीला टेकवा असे म्हणणारे घरात कोणी नव्हते.

सुतारपक्षी

ग्वाल्हेरकर, त्या गाडीला घाट चढायचा नव्हता.

आता माझे सविस्तर मत. उघड्या सांगाड्याचे दोन प्रकार या खोलीला लागू पडतात. भिंतीलगतच्या अरुंद भागासाठी शिडी पुरे : अडीच-तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड रिपा, दोन लांब आणि मधे दर सोळा इंचांवर एक आडवी. घाटाच्या भिंतीकडे रुंदी अडीच फुटांपर्यंत न्यायची असेल, तर तिथे एल आकाराची तुळई करावी. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत लिन वेस्टकॉट यांनी रूढ केली. चार इंची फळी उभी धरायची आणि तिच्या वरच्या कडेवर दोन इंची पट्टी आडवी चिकटवून स्क्रूने आवळायची. कापलेल्या टोकाकडून पाहिले तर उलटा एल दिसतो. अशा दोन तुळया समांतर ठेवल्या की त्यांच्यावर आडव्या रिपा हव्या तिथे, हव्या त्या कोनात टाकता येतात. आधार तुळईच्या अगदी टोकाला देऊ नयेत. लांबीचा साधारण पाचवा हिस्सा दोन्हीकडे बाहेर राहू द्यावा, म्हणजे मधला झोळ कमी होतो. आडव्या रिपांवर धिरे, म्हणजे उभे टेकू, लावायचे आणि धिऱ्यांवर रुळाची बारा मिलिमीटर प्लायची पट्टी. चढ हवा तिथे धिरा उंच, दरी हवी तिथे रीप खाली.

या पद्धतीचा सारा जीव एका गोष्टीत आहे : प्रत्येक स्क्रू खालून मारायचा. मी पहिल्या सांगाड्यात ते केले नाही. धिऱ्यांचे स्क्रू वरून, रुळाच्या पट्टीतून मारले, त्यावर रूळ बसवले, शेजारी जाळी आणि प्लास्टरचा डोंगर केला, आणि मग लक्षात आले की एक धिरा चार मिलिमीटर उंच आहे. गाडी तिथे येऊन अशी उचकी द्यायची की मागचे दोन डबे सुटायचे. चार मिलिमीटरसाठी मला अर्धा डोंगर छिन्नीने फोडावा लागला. स्क्रू खालून असता, तर टेबलाखाली आडवे पडून तीन मिनिटांत काम झाले असते.

आणखी दोन सूचना. रिपा जोडण्याआधीच प्रत्येकीच्या मध्यावर इंचभर व्यासाचे भोक पाडून ठेवावे; वायरी तिथूनच जातात, आणि सांगाडा उभा झाल्यावर दोन रिपांच्या मधे ड्रिल आडवे धरायला जागा उरत नाही. आणि कागदावर सांधे, म्हणजे रुळांचे फाटे, कुठे येणार ते ठरल्याशिवाय एकही आडवी रीप पक्की करू नये. नाहीतर फाट्याची मोटर नेमकी रिपेच्या डोक्यावर येते. आजवर माझी एकदाही चुकलेली नाही.

वैजयंती, वडोदरा

सुतारपक्षी यांच्या कारागिरीबद्दल आदर राखून असहमती नोंदवते. घरच्या खोलीसाठी एवढे लाकूडकाम कशाला? माझी मांडणी दोन इंच जाडीच्या इन्सुलेशन फोमच्या तक्त्यांवर आहे, खाली फक्त रिपांची हलकी चौकट. दरी हवी तिथे फोम सुरीने कापायचा, डोंगर हवा तिथे तुकडे एकावर एक रचायचे. चार फुटांचा एक भाग मी एकटी उचलते. विषय आमच्या वडोदऱ्याजवळच्या डभोईचा आहे, म्हणजे १८६२ साली बैलांनी ओढायला सुरुवात झालेली नॅरोगेज. ७६२ मिलिमीटरचे गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणून नऊ मिलिमीटरचे एन रूळ सरळ चालून जातात आणि वळणेही आखूड चालतात.

एक इशारा मात्र स्वतःच्या अनुभवावरून देते. फोमला उग्र वासाचा, रबरी गोंद कधीही लावू नये. मी घाईत तोच डबा उघडला आणि संध्याकाळी पाहते तो स्टेशनच्या जागी पोळ्याच्या मधमाश्यांनी सोडलेल्या घरासारखी भोके पडलेली. साधा पांढरा गोंद लावावा आणि रात्रभर वर पुस्तकांचे वजन ठेवावे.

सुतारपक्षी

वैजयंतीताई, फोम हलका आहे हे मान्य. पण त्याच्यात स्क्रू धरत नाही, आणि नुसत्या फोमवर गाडी चालली की ढोलासारखा आवाज येतो. घाटाच्या उतारासाठी फोम आणि रुळाखाली प्लाय, अशी वाटणी मला मंजूर आहे.

वैजयंती, वडोदरा

ढोलाचा आवाज कॉर्कच्या पट्टीने बराच जातो. वाटणी मात्र मलाही मंजूर आहे.

लोखंडी माणूस

लाकूड आणि फोम यांच्या तहात लोखंडाला कोणी बोलावले नाही. किराणा दुकानात रॅकला वापरतात तो भोकांचा स्लॉटेड अँगल इंदुरात सियागंजच्या बाजूला सहज मिळतो. नट-बोल्टने जुळतो, उंची भोकाभोकाने बदलता येते, वाळवी लागत नाही, आणि उद्या घर बदलले तर सोडवून नेता येतो. वेल्डिंग करून घेऊ नये, कारण वेल्डिंगच्या आचेने लांब पाइप किंचित वाकतो, आणि तो 'किंचित' आपल्याला पुढे रुळावर दिसतो. पाय आणि चौकट लोखंडाची, वरचे धिरे लाकडाचे, असे माझे सात वर्षांपासून आहे.

निवृत्त ओव्हरसियर

चांगली सूचना आहे. फक्त भोकांच्या कडा घासून घ्याव्यात. वायरींचे आवरण तिथे सोलले जाते आणि मग शॉर्ट सर्किट कुठे झाले ते शोधण्यात सुटी जाते.

मालवी माती

सर्वांनी सांगाड्याचा आकार सांगितला, पण इंदूरच्या हवेविषयी कोणी बोलले नाही. माझी मांडणी तळमजल्यावर होती. काळ्या मातीवरचे घर. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. जूनमध्ये पाणसळीवर बरोबर असलेला सांगाडा ऑक्टोबरात एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर वर होता. प्रत्येक पायाखाली फिरवून उंची बदलता येईल असा बोल्ट बसवला, तेव्हा सुटलो. गच्चीवाले यांची खोली वर असल्याने त्यांना मातीचा त्रास नाही, पण स्लॅबची उष्णता आहे.

मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी की लाकूड तडकते, आणि त्याच खोलीत रात्री कुलर लावला की हवेत ओल भरते. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते, आणि त्यातही साधी चीड, म्हणजे पाइन, सागवानापेक्षा कितीतरी जास्त. माझे रूळ एका मे महिन्यात सापासारखे वळले, तेव्हा मी ऊन लागून रूळ वाढले असे समजून चाललो होतो. हिशेब केला तर तीन मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ तीस अंश तापला तरी जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो. उरलेले सारे वळण खालच्या लाकडाचे होते. तेव्हापासून प्रत्येक रिपेला, कापलेल्या टोकांसकट, सर्व बाजूंनी वार्निशचे दोन हात देतो आणि रुळाच्या सांध्यांत पत्त्याच्या जाडीइतकी फट सोडतो. गच्चीवरच्या खोलीच्या भिंतीला पावसात ओल येत असेल, तर सांगाडा भिंतीपासून इंचभर पुढे ठेवावा.

प्लायचा पोळलेला

प्लाय घेताना शिक्का पाहून भुलू नये. एका दुकानातून मी आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घेतली. खऱ्या मरीन प्लायचा जोड बहात्तर तास उकळूनही सुटू नये, अशी त्या मानकाची कसोटी आहे. माझी पहिल्या श्रावणातच पापडासारखी सुटली. खरे तर घरात मरीन लागतच नाही. आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणाऱ्या, प्रतीची घ्यावी, आणि घेण्यापूर्वी चारही कडा उन्हात धरून पाहाव्यात. मधल्या थरांत पोकळी दिसली की तक्ता परत करावा.

ग्वाल्हेरकर

'सांगाडा' हा शब्द सर्वांनी इतक्या सहज उचलला आहे की विचारावेसे वाटते, घरी काय म्हणता? आमच्या सौभाग्यवती 'आगगाडीचा पलंग' म्हणतात.

मीटरगेजवाला

आमच्याकडे नुसते 'ते'. "ते" कधी पूर्ण होणार, असा प्रयोग.

गच्चीवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लाय आणली नाही. भिंतीलगत फेरी, घाटाच्या बाजूला तुळई, असे ठरवत आलो आहे. प्रश्न उरतो दोन गोष्टींचा : दरवाजा आणि दिवाण. दरवाजा बाहेर उघडतो, पण फेरी त्याच्यासमोरून जाते. आणि दिवाणाचे काय करावे? सागवान उत्तम आहे. त्याच्या फळ्या चिरून तुळया केल्या तर?

सुतारपक्षी

आजीचा दिवाण चिरायला मी मत देणार नाही. दरवाजासमोर उचलता पूल करावा : तीन फुटांचा सुटा तुकडा, दोन्ही टोकांना बुटके लाकडी खुंट आणि समोर त्यांची भोके, म्हणजे दर वेळी त्याच जागी बसेल. पुलाच्या दोन्ही तोंडांशी रूळ पट्टीला घट्ट धरलेले हवेत. तिथे तांब्याच्या थराच्या पट्ट्या बसवून रूळ त्यांना झाळावेत. आणि पूल उचलला की दोन्हीकडच्या फूटभर रुळांची वीज बंद व्हावी, एवढी सोय करावी. नाहीतर एक दिवस इंजिन थेट जमिनीवर पोहोचते.

निवृत्त ओव्हरसियर

दिवाण जिथे आहे तिथेच राहू द्यावा. सांगाडा बावन्न इंचांवर घ्या आणि पाय न लावता भिंतीत लोखंडी ब्रॅकेट बसवा. मात्र नऊ इंची भिंतीतच, साडेचार इंचीत नको. दिवाण दीड फुटावर, सांगाडा सव्वाचार फुटांवर. मधे पाहुणा आरामात झोपेल. उठताना त्याने डोके सांभाळावे.

पातळी घेताना एक फुटी स्पिरिट लेव्हलवर विसंबू नये. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी. एक टोक दारापाशी धरावे, दुसरे टोक घेऊन भिंतीभिंतीने फिरावे आणि पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. राहिला तर ती खोटे बोलते. कोपऱ्यांचा गुण्या तपासायला तीन फूट, चार फूट आणि पाच फूट यांचा त्रिकोण पुरतो. आपल्या भिंती काटकोनात नाहीत असे आढळेल. कोणाच्याच नसतात.

गच्चीवाला

अडीच महिन्यांनी परततो आहे. बावन्न इंचांवर ब्रॅकेट बसले, तीन भिंतींना शिड्या झाल्या, घाटाकडे तुळई. नळीने पातळी घेतली तेव्हा कळले की आमच्या खोलीची फरशी अकरा फुटांत पाऊण इंच उतरते. दिवाणावर प्लाय टाकली असती, तर घाट आपोआपच झाला असता. धबधब्यासाठी रिपा चौदा इंच खाली घेतल्या आहेत आणि चोरलच्या पात्राला वैजयंतीताईंचा फोम आहे, पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला. सर्व स्क्रू खालून. दिवाण शाबूत आहे आणि आजी रोज वर येऊन त्यावर बसते. गाडी तिच्या डोळ्यांच्या किंचित वरून जाते, म्हणून ती स्टेशन नाही, खालचा सांगाडाच पाहते आणि 'तुळई चांगली बसली' म्हणते.

एक अडचण आली आहे. परवापासून पाहुणे आहेत आणि दिवाणावर झोपत आहेत. दोन दिवस सकाळी पहिली गाडी उचलत्या पुलावर घसरते आहे. बोट फिरवले तर पुलावरचा रूळ पलीकडच्या रुळापेक्षा मिलिमीटरभर वर लागतो. दुपारी दोनपर्यंत तो पुन्हा बरोबर होतो. पुलाची बाजू चिडीच्या चार इंची उभ्या फळीची आहे. रंधा मारून मिलिमीटर काढून टाकू का?

मालवी माती

कुलर कोणत्या खिडकीत आहे?

गच्चीवाला

पुलाच्या बरोबर समोरच्या.

मालवी माती

रंध्याला हात लावू नका. आज काढलेला मिलिमीटर कुलर बंद झाल्यावर कमी पडेल. दुपारी लाकूड कोरडे असताना फळीला सर्व बाजूंनी वार्निश द्या, खालची कड विसरू नका. पाहुणे किती दिवस आहेत?

गच्चीवाला

विचारायची सोय नाही. सासुरवाडीचे आहेत.